कोर्लईचा डोंगर आणि पायथ्याची भाषा

कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाड्या बऱ्याच. मी म्हणतोय ती बोरघाटातली, जिच्या नावानं रेल्वेचं ठाणं आहे. रायगड म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. इथल्या मुलांना विचारा, त्यांचा समुद्र चित्रातला असतो. त्यांना एक दिवस कोर्लईला न्यावं.

पहाटे निघालात तर खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा करत सकाळीच पोचता. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेला लांबट डोंगर दिसतो. पोर्तुगीज याला ‘चौलचा मोरो’ म्हणत. मोरो म्हणजे टेकडी. गावातून दीपगृहाकडे जायचं, तिथून पायऱ्या. चढण थोडकीच, पण सावली नाही. पाणी बरोबर घ्या.

वर तटबंदी, तोफा, टाकं आणि छप्पर उडालेलं चर्च. तिन्ही बाजूंना पाणी. समोरच्या चौलच्या पोर्तुगीजांना खाडीच्या तोंडाशी अडवावं म्हणून बुऱ्हाण निजामशहानं १५९४ मध्ये इथं किल्ला उभारला आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

बहुतेक पाहुणे फोटो काढून इथूनच परततात. मला विचाराल तर खरी चीज खाली गावात आहे. पोर्तुगीज गेले, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली राहिली. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. वस्ती लहान, सोयरीक आपसातच, म्हणून ती टिकली. पण शेजार मराठीचा! पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मधे येतं, इथं ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसलं. शब्द लिस्बनचे, बांधणी कोकणातली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकानं तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

तिला स्वतःची लिपी नाही. बोलणारे थोडे, आणि मुलं शिकतात मराठीत. ठाकरांच्या बोलीचं तरी वेगळं काय? घरात एक, फळ्यावर दुसरी. मीही घरची दखनी शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत जात असे. मराठीनं मला कविता दिली, तक्रार नाही; पण घरचे कितीतरी शब्द त्या उंबऱ्यावरच राहिले.

म्हणून वाडीची पोरं बरोबर असतील तर गावात तासभर थांबा. घरी पाण्याला, भाकरीला, आईला काय म्हणतात, ते त्यांनी कोर्लईच्या पोरांना सांगावं, त्यांच्याकडून ऐकावं. फक्त उजेड असताना निघा. रविवारी संध्याकाळी वडखळला गाड्यांची रांग लागते.