एका आमदाराच्या पक्षाला एवढा भाव का?

२०२४च्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) एकच आमदार निवडून आला. तरीही रायगडातून खासदारकीला उभा राहणारा उमेदवार शेकापच्या नेत्यांची भेट घेतल्याशिवाय प्रचाराला लागत नाही. अलिबाग, पेण, पनवेल, उरण या पट्ट्यात पक्षाची मतं गावोगाव बांधलेली आहेत. स्वतःचा खासदार करायला ती अपुरी पडतात, दुसऱ्याचा पाडायला मात्र पुरतात. म्हणून २००९मध्ये शेकाप शिवसेनेच्या अनंत गीतेंमागे होता, २०१९मध्ये त्याच गीतेंविरुद्ध राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंमागे, आणि २०२४मध्ये पुन्हा गीतेंकडे. दाभाडी प्रबंधातून मार्क्सवाद स्वीकारलेल्या पक्षाला हे शोभतं का, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर जिल्ह्याच्या राजकारणात दडलंय.

संयुक्त महाराष्ट्र समिती किंवा १९७८चं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, तेव्हा एकत्र यायला राज्यव्यापी कारण होतं. पुढे ताणाताणी तालुक्यांत उतरली. १९९९मध्ये शेकाप विलासराव देशमुखांच्या सरकारात गेला, आणि रायगडात राष्ट्रवादीशी बिनसल्यावर २००२मध्ये बाहेर पडला. वरचा दोस्त खाली प्रतिस्पर्धी असला की युती अशीच फाटते.

लोकसभेला दिलेल्या मतांची परतफेड दोन ठिकाणी मागितली जाते: विधानसभेच्या जागा आणि विधान परिषद. परिषदेचा हिशेब रोकडा असतो. जुलै २०२४मध्ये ११ जागांना १२ उमेदवार होते आणि पहिल्या पसंतीच्या मतांचा कोटा होता २३. शेकापचे जयंत पाटील शरद पवारांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. मित्रपक्षांची जादा मतं वळली तरच ते निवडून येणार होते. ती वळली नाहीत. त्यांना १२च मतं पडली.

चार महिन्यांनी विधानसभेच्या जागावाटपात तेच. अलिबागेत मित्रपक्ष असलेल्या उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने माघार घेतली, पण उरण, पनवेल, पेणमध्ये दोन्ही पक्षांचे उमेदवार समोरासमोर राहिले. अशा लढतीला ‘मैत्रीपूर्ण’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे! उरणात शेकापचे प्रीतम म्हात्रे दुसरे आले, ठाकरेंच्या पक्षाचे मनोहर भोईर तिसरे. निवडून आले भाजपचे महेश बालदी.

शेकापचा तो एकुलता आमदार आला सांगोल्यातून. गणपतराव देशमुखांनी अकरा वेळा जिंकलेल्या या मतदारसंघात त्यांचे नातू बाबासाहेब निवडून आले, आणि तेही ठाकरेंच्या पक्षाचा उमेदवार विरोधात उभा असताना.