पितळ उजळविण्याचें साधन

भाईंदरजवळील राई गांवीं समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या व दमट वाऱ्यानें पितळी समई लवकर काळवंडते. ती चिंचेनें घांसली असतां चिंचेंतील आम्ल मळ विरघळवितें. परंतु तें फार वेळ लागून राहिल्यास पितळेंतील जस्तहि जातें व तांबूस डाग उरतात. मळ जावा पण धातु राहावा, हाच साधन निवडण्याचा नियम होय.

बंदुकीच्या काडतुसाच्या पितळी नळीस हाच नियम अधिक कडकपणें लागू पडतो. तिच्यांत सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. जेथें कायद्याची परवानगी आहे, तेथें नेमबाज झाडलेली नळी पुन्हा भरण्यापूर्वीं फिरत्या पिंपांत घालून स्वच्छ करितात. अक्रोडाच्या कवचांचा भरडा काजळी लवकर काढतो. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांचा कोरडा भुगा चकाकी आणतो. दोन्हींनीं पितळ फारसें झिजत नाहीं. वाळू मात्र त्याज्य. ती धातूच झिजविते.

अमोनिया असलेलें पॉलिश त्याहूनहि घातक. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतील फौजेचीं काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांत ठेवीत आणि त्यांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया व घडणीच्या वेळीं धातूंत राहिलेला ताण हें त्याचें कारण मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. भेगाळलेली नळी झाडतांना फाटल्यास तप्त वायु मागें उसळून नेमबाजाच्या डोळ्यांस इजा होऊं शकते. यास्तव झळाळी पाहून समाधान मानूं नये. उजळलेली प्रत्येक नळी उजेडांत फिरवून तपासावी आणि भेग दिसतांच मोडींत टाकावी.