दोन भकलांचं चाक

एक कोडं घालतो. कारखान्याच्या छताखाली शंभर फूट लांबीचा पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, आडवा फिरतो आहे. दर आठ-दहा फुटांवर तो बेअरिंगात टेकलेला. त्यावर वीस-पंचवीस चाकं, आणि प्रत्येक चाकावरून चामड्याचा पट्टा खाली एकेका यंत्राकडे गेलेला. मालकाने आणखी एक यंत्र विकत घेतलं. त्याच्यासाठी दांड्याच्या ऐन मध्यावर एक चाक हवं. ते दांड्यात ओवायचं कसं?

बांगडी हातात चढते ती बोटांकडून. चाकही टोकाकडूनच आत शिरणार. म्हणजे वाटेतली बेअरिंगं खोला, दहा-बारा चाकं उतरवा, नवं सरकवत मधे आणा आणि उतरवलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी बसवा. तोवर कारखाना बंद. कोड्याचं उत्तर असं की, चाक अख्खं आणायचंच नाही. नारळासारखी त्याची दोन भकलं करायची, दांड्याच्या दोन अंगांनी ती मिटवायची आणि बोल्ट आवळायचे. हीच स्प्लिट पुली. पाठ्यपुस्तकांत पुलीला ‘कप्पी’ म्हणतात, पण कारखान्यात तो शब्द कोणी उच्चारत नाही. विहिरीवरची ती कप्पी, शाफ्टवरची ती पुली.

आणि ही पुली बरेचदा लाकडाची असे. यंत्रयुग म्हणजे लोखंड आणि वाफ असं आपण शाळेत शिकलो. त्या चित्रात सुतार कुठेच नाही. गिरणगावावर मराठीत एवढं लिहिलं गेलं, त्यात साचेवाला आहे, जॉबर आहे, बदली कामगार आहे, खानावळवाली आहे. सुतार नाही. हा लेख थोडासा त्याची बाजू मांडण्यासाठी आहे.

माटुंगा म्हटलं की कॉफी, मोगऱ्याचे गजरे आणि पाच बागा आठवतात. पण लाकूड आणि लोखंड यांचं नातं समजून घ्यायला मुंबईत याहून चांगली जागा नाही. रुळांलगत रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना आहे. जीआयपी रेल्वेने तो 1915 साली सुरू केला तेव्हा डब्यांचा सांगाडा लाकडी असे, आणि डबा दुरुस्त करणं म्हणजे निम्म्याहून जास्त सुतारकामच. पोलादी डबे मद्रासमधल्या पेरांबूरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागले ते 1955 पासून. तिथून थोडं चालत गेलं की व्हीजेटीआय. 1887 साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भायखळ्याला सुरू झालेली ही तंत्रशिक्षण संस्था 1923 साली माटुंग्याला आली. 1997 मध्ये तिच्या नावातली राणी गेली आणि वीरमाता जिजाबाई आल्या. आद्याक्षरं मात्र तीच राहिली, त्यामुळे पाट्या रंगवणाऱ्यांचं काम वाचलं असावं.

भायखळ्याच्या काळात या संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांची रेखाटनं शिकवत होते. ते मुळात जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला आलेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. बढती डावलली गेली तशी नोकरी सोडून बेळगावला गेले. पुढची कथा मराठी माणसाला पाठ आहे: सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या कथेतला एक सुतारी दुवा मात्र सांगायचा राहून जातो. त्या काळी ओतीव लोखंडाची जवळजवळ प्रत्येक वस्तू आधी लाकडात घडवावी लागे. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. लोखंड निवताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून नमुना करणाऱ्या सुताराची फूटपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून तेवढा मोठा. ओतीव लोखंडाची पुली म्हणजे कुठल्याशा लाकडी पुलीची आकसलेली नक्कलच.

मग नक्कल कशाला, मूळच वापरू, असा विचार कुणाला सुचलाच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिशावाका नावाच्या गावी वॉलेस डॉजच्या कारखान्याने 1880 नंतरच्या दशकात लाकडी स्प्लिट पुल्यांचा मोठा धंदा उभा केला. त्याच राज्यातल्या कोलंबसची रीव्ह्ज कंपनीही या धंद्यात होती. म्हणजे भायखळ्याला व्हीजेटीआयचे पहिले वर्ग भरत होते तेव्हा तिकडे लाकडी पुली ही अगदी ताजी, चलतीची वस्तू होती. जुन्या जमान्याचा अवशेष नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण लाकूड दिसलं की आपण ते ‘पूर्वीचं’ समजतो.

लाकूडच का? पहिलं कारण वजन. ओतीव लोखंड सागवानाच्या साधारण अकरापट जड. लाकडी पुली जाड करावी लागते हे धरलं तरी ती लोखंडीपेक्षा खूप हलकी भरते. शंभर फुटी शाफ्टवर पंचवीस पुल्या म्हटल्यावर हा फरक बेअरिंगांना, छताच्या तुळयांना आणि कोळशाच्या बिलाला कळतो. दुसरं कारण पकड. चामड्याचा पट्टा गुळगुळीत लोखंडापेक्षा लाकडाला जास्त धरतो. त्यामुळे तो कमी ताणावा लागतो, आणि पट्टा कमी ताणला की शाफ्टवरचा ओढाही कमी.

तिसरं कारण मला सगळ्यांत सुंदर वाटतं. वेगात फिरणारं चाक स्वतःच्याच वेगाने फुटू पाहतं. कडेत निर्माण होणारा हा ताण पदार्थाच्या घनतेवर आणि कडेच्या वेगाच्या वर्गावर ठरतो. कड किती जाड आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून ओतीव पुली जाड केल्याने सुरक्षित होत नाही. जाडीबरोबर फोडणारं बळही वाढतं. जुन्या कारागिरांचा ढोबळ नियम असा होता की ओतीव लोखंडाच्या कडेने मिनिटाला एक मैलाच्या पुढे जाऊ नये. सेकंदाला तीस मीटर वेग धरून हिशेब केला तर लोखंडी कडेत दर चौरस मिलिमीटरला साडेसहा न्यूटन ताण येतो, सागवानी कडेत जेमतेम सहा दशांश. हलकं असणं हीच ताकद. अट एकच: लाकडाचा धागा कडेच्या दिशेने वळला पाहिजे, आणि सांधे उसवता कामा नयेत.

खरं कसब या अटीत आहे. सरळ वाढलेल्या झाडातून गोल धागा आणायचा कुठून? एका फळीतून तबकडी कापली तर चाकाच्या दोन बाजूंना धागा कडेबरोबर जातो आणि उरलेल्या दोन बाजूंना कडेला आडवा येतो. आडव्या धाग्यावर लाकूड बिस्किटासारखं तुटतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड धाग्याच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग एका आडव्या दिशेने अडीच टक्के आकसतो, दुसरीने जवळजवळ सहा. अशा तबकडीचं चाक आषाढात अंडाकृती होईल आणि प्रत्येक फेऱ्याला पट्टा फडाफडा आपटेल.

बैलगाडीच्या चाकात आपल्या सुतारांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता: तुंबा वेगळा, आरे वेगळे, कडेचे वाकडे तुकडे वेगळे, आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव निवली की सगळं चाक मुठीत धरल्यासारखं आवळलं जातं. पुलीवर धाव चढवता येत नाही, कारण पट्ट्याला लाकूडच हवं. मग आवळणार कोण?

उत्तर गवंड्याकडे आहे. चोवीस इंच व्यासाची, सहा इंच रुंदीची पुली करायची समजा. इंचभर जाडीच्या फळीतून वाकडे तुकडे कापायचे, सहा तुकड्यांचं एक कडं. तुकडा आखूड असल्याने धागा कडेपासून फारसा भरकटत नाही. अशी सहा कडी एकावर एक सरसाने चिकटवायची, पण विटांच्या भिंतीत सांधेमोड करतात तशी: वरच्या कड्याचा सांधा खालच्या तुकड्याच्या मध्यावर. मग खिळे किंवा लाकडी मेखा. एका थराचा सांधा उसवला तरी शेजारचे दोन थर तो धरून ठेवतात. आत, दोन्ही अर्ध्या भागांत कडेत खाच करून घट्ट बसवलेले आडवे दांडे, आणि त्यांच्या मधोमध शाफ्टसाठी भोक.

आता चिरण्याचा क्रम. आधी चाक कातून गोल करायचं आणि मग करवतीने दोन भाग करायचे, असा मोह होतो. पण करवत स्वतःच्या पात्याएवढं लाकूड खाते आणि मिटवलेलं चाक गोल राहत नाही. म्हणून दोन भाग आधी वेगळे करून, मधे पातळ पट्टी घालून, बोल्टांनी जखडून मग लेथवर चढवतात. कातून झालं की पट्टी काढून टाकायची. उरलेली बारीक फट हाच या पुलीचा प्राण. फट आहे म्हणून बोल्ट आवळले की दोन्ही भकलं शाफ्टला दाबतात. फट मिटली तर कितीही आवळा, बोल्ट दोन लाकडांना एकमेकांवर दाबत बसतील आणि शाफ्ट आत मजेत फिरत राहील. नीट बसवली तर या पुलीला शाफ्टवर चावीची खाच लागत नाही, स्क्रूही लागत नाही. नुसती मिठी.

भोकही मुद्दाम मोठं ठेवतात, आणि आत दोन भागांचं लाकडी बुश. शाफ्ट दोन इंची असो वा अडीच इंची, पुली तीच, बुश बदलायचं. व्यापाऱ्याला शंभर मापांच्या पुल्या ठेवण्यापेक्षा दहा पुल्या आणि टोपलीभर बुश ठेवणं परवडतं. वेग ठरवायला चाक व्यासाने मापायचं. शाफ्ट मिनिटाला 250 फेरे घेत असेल आणि यंत्राला 1000 हवे असतील तर वर चोवीस इंची, खाली सहा इंची. पिठाच्या गिरणीतही हाच गुणाकार.

शेवटचा हात कडेवर. कड सपाट ठेवत नाहीत, मधे किंचित फुगीर करतात, रुंदीच्या फुटामागे पाव इंचाच्या आत. पट्टा उताराकडे घसरेल असं आपल्याला वाटतं, पण तो चढावर जातो आणि मध्यावर टिकतो. लेथवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पट्टा घसरायला लागला की राळ मारायची. ती सवय कारागिरांना प्रिय आणि पट्ट्यांना घातक.

मुंबईच्या हवेत हे सगळं कितपत टिकणार? जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस दमटपणात विरघळतो. सागवान तेलकट, त्यावर सरस नीट धरतही नाही. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, तर सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओली ठेवत. माझं मत असं की मागांच्या खात्यापेक्षा लाकडी पुलीची खरी जागा दुरुस्तीखात्यात, लाकडाच्या वखारीत, छापखान्यात आणि इंजिनावर चालणाऱ्या गावोगावच्या पिठाच्या गिरणीत होती: जिथे कोरडं असतं, यंत्रं बदलत राहतात आणि सुतार हाकेच्या अंतरावर असतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्यानंतरच्या अशा गावांत मोडलेली पुली लँकेशायरहून येण्याची वाट पाहणं कुणाला परवडणार होतं?

या पट्ट्यांनी माणसंही खाल्ली. धोतराचा सोगा पट्ट्यात गेला की माणूस शाफ्टवर. 1948 च्या कारखाने कायद्याची कलमं वाचताना तो जुना कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. यंत्र चालू असताना त्याला तेल घालणाऱ्या किंवा पट्टा चढवणाऱ्या कामगाराला मालकाने अंगाशी घट्ट बसणारे कपडे द्यावेत, असा त्यात नियम होता. पंधरा सेंटिमीटरहून रुंद पट्टा फिरत्या पुलीवर हाताळता कामा नये. पट्ट्याचा सांधा वर आलेला नको. वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर लोंबत ठेवायचा नाही. असं एकेक वाक्य कायद्यात येतं ते कुणाचा तरी हात गेल्यावरच.

शाफ्टचा अंत माटुंग्यापासून लांब, घाटाच्या पायथ्याशी लिहिला गेला. 1915 साली खोपोलीहून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. सुरुवातीला मोटर आली ती वाफेच्या इंजिनाच्या जागी, म्हणजे तीच जुनी शाफ्ट फिरवायला. पण पट्टे आणि बेअरिंगं मिळून चौथाई शक्ती, कित्येकदा जास्तही, वाटेतच खात. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली तशी छताखालची चाकं थांबली. सपाट पट्ट्याची जागा व्ही-बेल्टने घेतली. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या यंत्रसामानाच्या बाजारात आज पुली मागितली तर खाचांची लोखंडी पुली समोर येते. पण तिच्या भोकात बहुधा वेगळं, चिरलेलं, निमुळतं बुश असतं. पुली तीच ठेवून शाफ्टप्रमाणे बुश बदलायची ती युक्ती जिवंत आहे. आणि हे टेपर बुश बाजारात आणण्यात पुढाकार घेतला तो मिशावाक्याच्या त्याच डॉज कंपनीने.

वाचकांना एक विनंती. गावाकडच्या बंद पडलेल्या गिरणीत, जुन्या वर्कशॉपच्या माळ्यावर दोन बोल्टांनी जोडलेलं लाकडी चाक सापडलं तर आधी त्याच्या कडेकडे बघा. थर मोजा, सांधेमोड बघा, मधली फट शिल्लक आहे का ते बघा, भोकाचं माप घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा तंत्रशाळेला कळवा. असं वाळलेलं लाकूड फार छान पेटतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. निदान यंदाच्या अभ्यंगस्नानाच्या बंबात ते जाऊ देऊ नका.