पुढे उभा, तरी बरोबरीचा

जामनेरला कुस्तीचं वेड जुनं. त्यामुळे मुलांच्या धावण्याच्या स्पर्धेला गर्दी होते ती आई-बापांचीच, आणि आमच्या क्लबच्या वार्षिक स्पर्धेत त्यातलं कुणीतरी मला धरतंच: "भाऊ, त्या पोराला पुढे उभं केलं अन् आमच्याला मागे. हे कसं काय?"

लेन आखायचं काम माझं, म्हणून उत्तरही मीच द्यायचं. वळणावर बाहेरच्या लेनचा घेर मोठा. लेन 1.22 मीटर रुंद. आतली कड नुसत्या फक्कीची असेल, तर अख्ख्या फेरीत दर लेनमागे साधारण 7.67 मीटर जास्त पडतात. तेवढं अंतर सुरुवातीलाच पुढे द्यायचं. गंमत म्हणजे ट्रॅक 200 मीटरचा असो की 400 चा, फेरीमागे हा आकडा तोच. तो ठरतो लेनच्या रुंदीवर.

हिशेब सोपा, जमीन अवघड. आमची काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटते, वाळली की भेगाळते. आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवायचा, मग खुंट्या, सुतळी, फक्की. सुतळी धरायला मी लांब उडीवाली पोरं घेतो. धावणारी नुसत्या गप्पा हाणतात.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य जिंकलं, तेव्हापासून आमच्याकडे लांब पल्ल्याला नावं वाढलीत. तिथे लेनची भानगड नाही, एकाच वळणदार रेघेवरून सगळे सुटतात. माझी फक्की वाचते.