बशीतली नाणी

गोरेगाव म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर लोकलचे स्टेशन उभे राहते. माझे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. सोयाबीनचा आणि हळदीचा भाव हा जिथे चहाबरोबर घ्यायचा विषय. इथल्या हॉटेलात चहा पिऊन उरलेली दोन नाणी टेबलावर ठेवून निघालो, तर गल्ल्यावरून हाक येते, ‘काका, पैसे राहिले तुमचे!’ टिप नावाचा प्रकार आमच्या वेशीच्या आत शिरलेला नाही.

गावची पोरे मात्र त्या टिपवर जगायला शहरात गेली आहेत. परवा गावी गेलो तेव्हा शेजारचा मुलगा भेटला. पुण्यात एका हॉटेलात वेटर आहे. चार दिवसांची रजा काढून आला होता. सहज विचारले, ‘कसे काय चालले आहे?’ तर म्हणाला, ‘आता टिपच मिळंना गेली, काका. गिऱ्हाईक मोबाइलवर पैसे मारतंय अन् उठून जातंय.’

मला आधी हसू आले, मग वरमलो. कारण तसा उठून जाणाऱ्यांत मीही आहे. बडीशेपेच्या बशीत बिल यायचे, नोट ठेवायची, सुटे परत यायचे आणि त्यातली चार नाणी मोठ्या उदारपणे तिथेच सोडायची, हा आपल्या मध्यमवर्गीय जिवाचा केवढा थाट होता! आता बिल रुपयापैशांपर्यंत नेमके चुकते होते. बशीत बडीशेप तेवढी उरते.

‘अरे, पण पगार आहे ना?’ मी विचारले. तो म्हणाला, ‘कामावर घेतानाच मालक म्हणले, पगार एवढाच, वरचं टिपमधी निघंल.’

हे ‘वरचं टिपमधी निघंल’ मला काही केल्या पचेना. अमेरिकेत हा हिशेब उघड कायद्यात आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याने टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन तासाला 2.13 डॉलर आहे आणि 1991पासून ते जागचे हललेले नाही. इतरांसाठी हा आकडा 2009पासून 7.25 डॉलर आहे. मधला खड्डा गिऱ्हाइकाच्या टिपने भरायचा, आणि तरीही तो राहिला तर मालकाने. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेलीच नाही. बाकीच्या राज्यांत ती काढावी की नाही, यावर वाद सुरू असतात.

आपल्याकडे अशी सवलत 1948च्या किमान वेतन कायद्यातही नव्हती. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पाहुण्यांकडून गोळा करून कामगारांत वाटलेली रक्कम म्हणजे मालकाने आपल्या खिशातून दिलेले पैसे नव्हेत. पुढे 2016 साली, आयकराच्या एका प्रकरणात, कार्डावरून आलेली आणि हॉटेलने नोकरांना वाटलेली टिप हा पगार नव्हे, असाच निर्णय झाला. टिप ही गिऱ्हाइकाची खुशी, वेतन हे मालकाचे देणे. दोन्ही एका वहीत मांडता येत नाहीत. कायदा इतका स्वच्छ, आणि पुण्यातल्या त्या मालकाने तोंडी बोलीवर तो गुंडाळून ठेवलेला!

21 नोव्हेंबर 2025पासून देशात वेतन संहिता लागू झाली आहे. केंद्र सरकार तळाचे वेतन ठरवील आणि कोणत्याही राज्याचे किमान वेतन त्याखाली जाता कामा नये, असे त्यात आहे. पण मला त्यातल्या दोन साध्या गोष्टी मोलाच्या वाटल्या. मालकाने पगाराची चिठ्ठी द्यायची. आणि कमी मिळालेल्या पगाराचा दावा करायला पूर्वी जे सहा महिने होते, त्यांची आता तीन वर्षे झाली. टेबले पुसणाऱ्या माणसाला कायदा कळेपर्यंत सहा महिने केव्हाच उलटून जातात.

हे सारे मी त्या मुलाला ओसरीवर बसून समजावले. थोडे शहाणपण मिरवलेच म्हणा. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, ‘चिठ्ठी मागितली अन् मालकानं उद्यापासून येऊ नको म्हणलं तर, काका?’

राहायची जागाही मालकाचीच, हॉटेलच्या वरच्या माळ्यावर. म्हणजे नोकरी गेली की त्याच रात्री वळकटी रस्त्यावर. कायद्याची कलमे सांगताना हा माळा माझ्या लक्षातच आला नव्हता.

तरी त्याने कागद मागितला. वेतन किती ठरले, हातात किती आले आणि कोणत्या महिन्यापासून, हे रोजच्या रोज वहीत लिहीत जा, असे सांगून मी चिठ्ठीसाठी चार ओळींचा अर्ज लिहून दिला. सकाळच्या एसटीने तो निघाला. आईने भाकरी बांधून दिली होती. अर्जाची घडी त्याने खिशात ठेवलेली मी पाहिली. देणार की नाही, ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.