जुने संगणक दुरुस्त करताय? शिसे, वीज आणि बॅटरीपासून जपा

माळ्यावरचा ३८६ किंवा ४८६ संगणक उतरवून पुन्हा सुरू करणे हा छान छंद आहे. हात आणि डोके दोन्ही कामात राहतात. छंद सोडायची गरज नाही. पण घरात लहान मूल असेल तर पुढील गोष्टी माहीत हव्यातच.

शिसे
जुन्या सोल्डरमध्ये साधारण ४० टक्के शिसे असते. सोल्डरिंगच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. ते बोटांवरून तोंडात जाते. म्हणून कामाच्या टेबलावर चहा-बिस्किटे नकोत. नंतर साबणाने हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्यांच्यासाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. दिसतो तो धूर मुख्यतः फ्लक्सचा. त्याने दमा उफाळू शकतो. खिडकी उघडी ठेवा.

वीज
प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपर्यंत वीज साठून राहू शकते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट. हे दोन भाग जाणकाराकडूनच उघडून घ्या. शॉकनंतर छातीत धडधड, दुखणे किंवा चक्कर असेल तर लगेच ईसीजी काढा.

गळकी बॅटरी
जुन्या मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते. तो द्रव अल्कली असतो, त्वचा आणि डोळा भाजतो. हातमोजे आणि चष्मा घाला. डोळ्यात गेल्यास किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. बोर्ड पुसायला वापरतात ते व्हिनेगर डोळ्यात कधीही घालू नका.

मुलाने गोल बॅटरी गिळली तर
घड्याळाची वेळ राखणारी ‘सीआर २०३२’ ही २० मिलिमीटरची बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच खोल जखम करू शकते. सुरुवातीला मूल खेळतही असेल. लाळ गळणे, खोकला, खायला नकार ही लक्षणे दिसेपर्यंत थांबू नका.

- शंका आली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि एक्स-रे काढा.
- उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका.
- मूल वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या. मधासाठी निघायला मात्र उशीर नको.

काढलेल्या बॅटरीवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि ती लगेच कुलपात ठेवा.