विश्लेषण : चिकनच्या अळणी पाण्यात चहा? आराम देणारे हे सूप कडू का होते आणि जमते कसे?

घरात कुणी सर्दी-तापाने झोपले की मांसाहारी घरांत गॅसच्या एका बाजूला चिकनचे अळणी पाणी चढते आणि दुसऱ्या बाजूला आल्याचा चहा उकळत असतो. हे दोन्ही एकाच वाटीत आणले तर? चहाची पत्ती मुरवलेले चिकन सूप ऐकायला विचित्र वाटते, पण पूर्व आशियात चहा आणि जेवण यांची अशी सांगड जुनी आहे. आपल्याकडे पहिल्या प्रयत्नात ते बहुधा कडू होते, कारण चहा म्हटला की तो खळखळ उकळायचा, ही सवय हाताला असते. हे सूप जमते कसे, त्याने सर्दी खरेच बरी होते का आणि ते कुणी पिऊ नये, याचा आढावा.

ही कल्पना आली कुठून?

जपानमध्ये ‘ओचाझुके’ हा अगदी घरगुती प्रकार आहे. वाटीत उरलेला भात घ्यायचा, वर मासा, लोणचे किंवा समुद्री शेवाळ ठेवायचे आणि गरम ग्रीन टी ओतायचा. चहाऐवजी ‘दाशी’ हा शेवाळ आणि सुकवलेल्या माशाचा पातळ अर्क वापरतात, कधी दोन्ही मिसळतात. पोट बिघडले, भूक मेली किंवा रात्री उशीर झाला की हेच खाल्ले जाते. आपल्या पेजेचे तिथे जे काम, ते ओचाझुकेचे. जपानच्याच अमामी बेटांवर ‘केइहान’ मिळते. त्यात भातावर चिकनचे धागे, अंड्याच्या पट्ट्या ठेवून चिकनचा गरम रस ओततात. ओतण्याची रीत तीच, फक्त चहाच्या जागी कोंबडीचा रस.

चीनमध्ये चहाच्या पाण्यात मसाल्यासह उकडलेली अंडी रस्त्यावर विकली जातात, तर हांगझोऊ शहरात लोंगजिंग चहाच्या पानांसह परतलेली कोळंबी प्रसिद्ध आहे.

नावाने मात्र फसू नये. मलेशिया आणि सिंगापूरमधील ‘बाक कुत तेह’चा शब्दशः अर्थ ‘हाडामांसाचा चहा’ असा होतो, पण त्या रश्श्यात चहाची पत्ती नसते. डुकराच्या बरगड्या वनौषधींसह शिजवतात आणि चहा शेजारी वेगळा देतात. चिकनचा असाच प्रकार ‘ची कुत तेह’ नावाने मिळतो. नावाचा असाच घोळ मराठीतही आहे. गवती चहा हा चहा नव्हेच, ते गवत आहे. या फरकाचा पुढे उपयोग होणार आहे.

दुधाच्या चहासारखे उकळले तर काय बिघडते?

चहाच्या पानांत पॉलिफिनॉल गटातील संयुगे असतात. बोलीभाषेत त्यांना टॅनिन म्हणतात. कोरा चहा जास्त उकळला की जीभ कोरडी, खरखरीत वाटते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून तसे वाटते. ही चव नाही, तोंडातील घर्षण आहे. आपण त्याला तुरटपणा म्हणतो.

मग आपला दुधाचा चहा पाच-सात मिनिटे उकळूनही तुरट का लागत नाही? दुधातील केसीन हे प्रथिन टॅनिनला आधीच पकडून ठेवते. वरून साखर असते. त्यामुळे पत्तीवर कितीही अत्याचार केले तरी कप गोड लागतो. भारतीय चहाची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

चिकनच्या सूपमध्येही प्रथिन असते. हाडे, कातडी आणि सांध्यांतील कोलॅजन मंद आचेवर विरघळून जिलेटिन तयार होते, आणि जिलेटिनलाही टॅनिन चिकटतात. वाइन तयार करणारे जास्तीचा तुरटपणा काढण्यासाठी जिलेटिन वापरतात ते याच गुणामुळे. म्हणूनच नुसत्या पाण्यातील चहापेक्षा चांगल्या सूपमधील चहा मऊ लागतो. पण घरच्या पातळ अळणी पाण्यात दुधाच्या मानाने प्रथिन कमी असते आणि साखर तर नसतेच. थोडा चहा ते सोसते; उकळी मारलेला चहा सोसत नाही. जास्तीचे टॅनिन आणि जिलेटिन यांचे बारीक कण होऊन सूप गढूळही होते.

थोडक्यात, या पदार्थात सूप हे चहाचे ‘पाणी’ आहे. ते आधी पूर्ण तयार करायचे, गाळायचे, गॅस बंद करायचा आणि मगच पत्ती घालायची.

चव जुळते ती कशामुळे?

जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. ग्रीन टीच्या पानांत, विशेषतः सावलीत वाढवलेल्या जपानी चहात, ग्लुटामेट आणि थिअॅनिन ही अमिनो आम्ले असतात. चिकनच्या रसात इनोसिनेट असते. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की उमामी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त जाणवते. दाशीत शेवाळ आणि मासा एकत्र टाकतात त्यामागेही हेच गणित आहे. काळ्या चहाचा फायदा वेगळा: त्याचा भाजका, किंचित धुरकट वास चिकनच्या वासाला झाकतो. आजारी माणसाला तो वास नको असतो, हे घरोघरी माहीत आहे.

पत्ती कोणती घ्यावी?

डब्यातील रोजची पत्ती नको. ती बहुतेक वेळा सीटीसी असते, म्हणजे पाने चिरडून, फाडून, गुंडाळून केलेले बारीक दाणे. दाणे बारीक, त्यामुळे पाण्याला लागणारा पृष्ठभाग मोठा आणि रंग-कडवटपणा झपाट्याने उतरतो. दूध-साखरेच्या चहासाठी ती उत्तम, सूपसाठी फार जहाल. दार्जिलिंग, आसाम किंवा निलगिरीची लांब पानांची ऑर्थोडॉक्स पत्ती घ्यावी, किंवा साधा ग्रीन टी. लिंबू, मध, तुळस असे स्वाद लावलेल्या पिशव्या टाळाव्यात. चिकनबरोबर मधाचा कृत्रिम वास सहन होत नाही.

कृती : चार वाट्यांसाठी

अर्धा किलो चिकन हाडांसह घ्यावे. मान, पाठ, पंख आणि तंगडी असेल तर उत्तम, नुसत्या छातीच्या तुकड्यांचे सूप पातळ होते. मोठ्या पातेल्यात सव्वा ते दीड लिटर गार पाण्यात चिकन घालून मध्यम आचेवर ठेवावे. उकळी फुटण्याआधी वर करडा फेस येतो, तो डावाने काढून टाकावा. मग एक कांदा दोन फोडी करून, इंचभर आले ठेचून, लसणाच्या चार पाकळ्या, पाच-सहा मिरे घालावेत. हळद घालायची तर अगदी चिमूटभर, कारण जास्त हळद चहाचा वास मारते. आच इतकी कमी करावी की अधूनमधून एखादा बुडबुडा येईल. झाकण थोडे उघडे ठेवून तासभर, जमल्यास सव्वा तास शिजू द्यावे.

कुकरमध्येही होते. पहिल्या शिटीनंतर आच अगदी मंद करून वीस मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जाऊ द्यावी. शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊ दिल्या तर प्रत्येक शिटीला आतला दाब घसरतो, पाणी उसळते आणि चरबी रसात घुसळली जाते. अशा सूपवर चहा घातला की ते चिखलासारखे दिसते.

सूप गाळून पाच मिनिटे स्थिर ठेवावे आणि वर आलेली चरबी चमच्याने काढावी. थोडे थेंब राहिले तरी चालतात, त्यांत वास धरून राहतो. आता सुमारे ८०० मिली सूप पुन्हा एक उकळी येईपर्यंत गरम करून गॅस बंद करावा. काळी पत्ती असेल तर मिनिटभर थांबून सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण ४ ग्रॅम पत्ती घालावी आणि तीन मिनिटांत गाळावी. ग्रीन टी असेल तर सूप ८० अंश सेल्सिअसच्या आसपास येईपर्यंत थांबावे, थर्मामीटर नसल्यास पाच-सहा मिनिटे पुरतात. मग तेवढीच पत्ती दोन मिनिटे. पत्ती मलमलच्या पुरचुंडीत बांधली तर वेळेवर बाहेर काढणे सोपे जाते. नेहमीच्या कोऱ्या चहाच्या निम्मेच हे प्रमाण आहे. रंग फिका वाटला म्हणून वेळ वाढवू नये.

मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. मीठ फक्त खारटपणा आणत नाही, ते कडवटपणाही दाबते. चिमूटभर मिठाआधी आणि नंतर सूप चाखून पाहिले की हा फरक लगेच कळतो. लिंबू पिळले तर काळ्या चहाचा रंग एकदम उजळतो, घाबरायचे कारण नाही. चिकनचे धागे काढून मऊ भातावर ठेवावेत आणि हे सूप वर ओतावे.

सर्दी खरेच बरी होते का?

नाही. पण आराम मिळतो, आणि त्याला थोडाफार पुरावाही आहे. अमेरिकेतील मायामी बीच येथे १९७८ मध्ये १५ निरोगी स्वयंसेवकांवर अभ्यास झाला. त्यांना गरम पाणी, गार पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातील शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजले गेले. गरम सूपने वेग वाढला, पण अर्ध्या तासात तो पूर्ववत झाला. २००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठाचे स्टीफन रेनार्ड यांनी घरगुती पद्धतीचे चिकन सूप प्रयोगशाळेत तपासले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावली. सर्दीतील सूज आणि शेंबूड यांत या पेशींचा हात असतो. मात्र हे काचेच्या उपकरणात घडले, रुग्णाच्या नाकात नाही. ‘चिकन सूप सर्दीवर औषध, शास्त्रज्ञांचा दावा’ असे फॉरवर्ड याच अभ्यासाच्या आधारे फिरतात, तेव्हा हा भाग गळालेला असतो.

ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाचा २००८ चा अभ्यास कदाचित जास्त उपयोगाचा आहे. सर्दी झालेल्या ३० जणांना फळांचे एकच पेय कधी गरम, कधी खोलीच्या तापमानाला दिले. श्वास आत-बाहेर जाण्याच्या मापात फरक पडला नाही. तरीही गरम पेय घेतल्यावर घसादुखी, थंडी वाजणे, थकवा यांत लगेच बरे वाटल्याचे त्यांनी सांगितले. म्हणजे ऊब, वाफ, पाणी आणि मीठ यांचेच श्रेय मोठे. पत्ती घातल्याने सर्दी लवकर जाते, असे यातला एकही अभ्यास सांगत नाही.

आणखी एक समज तपासायला हवा: ‘सगळे सत्त्व पाण्यात उतरते’. मांसातील बहुतेक प्रथिन मांसातच राहते. सूपमधल्या जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे ते एकटे शरीराला पुरत नाही. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात गरिबांना हाडांच्या जिलेटिनचे सूप देऊन भागवण्याची कल्पना निघाली होती. शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझांदी यांच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ मध्ये जिलेटिन मांसाची जागा घेऊ शकत नाही, असा अहवाल दिला. आजारी आजोबांना सूप देऊन चिकनचे तुकडे बाकीच्यांनी खाल्ले, तर पोषण बाकीच्यांनाच मिळते. तुकडे बारीक कुस्करून वाटीत घालावेत.

कुणी जपून प्यावे?

सर्वात महत्त्वाचा मुद्दा लोहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चहातील पॉलिफिनॉल डाळी, पालेभाज्या आणि गोळ्यांमधील लोहाचे शोषण कमी करतात. मांसातील लोहावर हा परिणाम कमी असतो. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर गोळी आणि हे सूप यांत किमान तासाभराचे अंतर हवे. अंतर पाळणे जमणार नसेल तर चहाविना अळणी पाणीच बरे.

लहान मुलांना, झोप न लागणाऱ्या रुग्णांना आणि गरोदरपणात कॅफिन मोजून घेणाऱ्यांना गवती चहा हा सोपा पर्याय आहे. त्यात कॅफिन नाही. पत्तीसारखी त्याची वेळही सांभाळावी लागत नाही. दोन-तीन पाती गाठ मारून शेवटची दहा मिनिटे सूपबरोबर उकळली तरी ती कडू होत नाहीत. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तयार सूप क्यूब वापरू नयेत, कारण त्यांत मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे.

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर सूप बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

कच्चे चिकन आणि उरलेले सूप

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. त्या साथीत चर्चा मुख्यतः दूषित पाण्याची होती, पण हाच जिवाणू कच्च्या कोंबडीतही सापडतो. नीट शिजवल्यावर तो मरतो. मांसाचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे, आणि तासभर शिजणाऱ्या सूपमध्ये ती अडचण येत नाही. धोका त्याआधीचा आहे. वाहत्या नळाखाली चिकन धुतले की शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, घासलेल्या भांड्यांवर जातात. दुकानातून रक्त-पिसे लागलेले चिकन आले आणि धुण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मोठ्या भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे. नंतर सिंक, सुरी आणि हात साबणाने स्वच्छ करावेत.

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. ठेवताना मात्र चहा न घातलेलेच ठेवावे. चहा घातलेले सूप दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवले की काळपट आणि कडसर होते. साधे सूप फ्रिजमध्ये थरथरत्या जेलीसारखे घट्ट झाले तर ते बिघडलेले नसते, जिलेटिन चांगले उतरल्याची ती खूण आहे. वरचा चरबीचा थर सहज उचलता येतो. तीन दिवसांच्या आत, लागेल तेवढी एक वाटी काढून खळखळ उकळावी, गॅस बंद करावा आणि त्या वाटीपुरतीच अर्धा चमचा ताजी पत्ती मुरवावी.